माझ्या वाट्याची पात

पतसंस्थेचं शटर बंद झालं त्या सकाळी मी तिथे गर्दी बघायला गेले होते, पैसे काढायला नव्हे. गल्लीतून लोक भराभर रस्त्याकडे जाताना दिसले आणि मला वाटलं, कुठेतरी जीप उलटली असेल. किन्हीराजात सकाळी सात वाजता माणसं धावायची म्हणजे काहीतरी तसंच मोठं हवं. पायात चपला सरकवून मीही निघाले. पाहते तर शटर खाली, त्यावर एक कागद, आणि पुढील सूचनेपर्यंत सर्व व्यवहार बंद राहतील असं त्यावर लिहिलेलं. तो कागद मी दोनदा वाचला. मग लक्षात आलं, की जी जीप बघायला आपण आलो आहोत तिच्यात आपणच बसलेलो आहोत.

मी तीस वर्षं शेलूबाजारच्या एका खासगी शाळेत गणित शिकवलं. चक्रवाढ व्याज हा माझा आवडता धडा. तो शिकवताना मी पोरींना हमखास सांगायची, की जो तुम्हाला इतरांपेक्षा जास्त व्याज देतो तो तुमच्यापेक्षा हुशार असतो, त्याच्यापासून चार हात लांब राहा. आणि निवृत्तीच्या वेळी हातात पडलेली सगळी रक्कम, बँकेपेक्षा थोडं जास्त मिळतं म्हणून, मी त्या पतसंस्थेत नेऊन ठेवली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. आमच्या शाळेला पेन्शन नव्हती. नवरा कारंजा आगारात एसटीचा ड्रायव्हर होता, त्याची पेन्शन येते, पण ती चहा-साखरेपुरती.

मुलगी अकोल्याला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला जाणार होती. दिवाळीनंतर फी भरायची होती आणि ती फी त्या शटरच्या आत होती. बाहेर राहिलं होतं ते सासऱ्यांनी आयुष्यभर राबून घेतलेलं तीन एकर वावर आणि त्यात उभं असलेलं सोयाबीन. ते वेळेत घरात आलं तर मुलगी नर्स होणार, नाहीतर वर्ष जाणार. इतका सोपा हिशेब मी आयुष्यात कधी मांडला नव्हता.

एक पतसंस्था बुडाली तर गावाचं काय काय थांबतं, हे मला आधी कोणी विचारलं असतं तर मी सांगू शकले नसते. दूधवाल्यांचे पैसे तिथेच जमा व्हायचे. बचत गटांचे तिथेच. किराणा दुकानदाराचा कारंजाच्या ठोक व्यापाऱ्याशी व्यवहार तिथून चालायचा. शेलूबाजारच्या धान्य व्यापाऱ्यांचीही खाती तिथेच होती, त्यामुळे ते माल घ्यायला तयार, पण पैसे पुढच्या महिन्यात म्हणायचे. आठ दिवसांत गावातले खिसे रिकामे झाले. पहिल्यांदा चहाची टपरी बंद झाली. मग पोरांच्या हातातली कुरकुऱ्यांची पाकिटं दिसेनाशी झाली, आणि खरं सांगायचं तर रस्ता जरा बरा दिसायला लागला.

मशिदीजवळच्या किराणा दुकानात धान्यावर सौदा सुरू झाला. दुकानदार जुना माणूस, त्याच्या वडिलांच्या काळी असंच चालायचं म्हणून त्याने एक वाटी गल्ल्याजवळ आणून ठेवली. गहू दोन वाट्या, तर चहापत्तीची पुडी. तूर एक वाटी, तर साबण. मी त्याच्याशी भांडले, कारण तुरीचा आणि साबणाचा मेळ काही केल्या बसत नव्हता. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, तुमी गणित लावू नका. साबण पाह्यजे का नाई, इतकंच सांगा." साबण हवा होता. शेलूबाजारला जाणारा जीपवाला वांगी घेऊन बसवायचा, फक्त हात लावून बघायचा की किडकी नाहीत ना. न्हाव्याने माझ्या नवऱ्याची दाढी एका पपईवर केली आणि पपई गोड निघाली म्हणून पुढच्या आठवड्यात मिशी फुकट कोरून दिली.

सगळंच असं हसण्यावारी नव्हतं. एका घरी म्हाताऱ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढे ढकललं गेलं. एका बाईच्या घराचं स्लॅबचं काम थांबलं आणि वर आलेल्या सळया पावसाने तांबड्या झाल्या. पण लोक संध्याकाळी ओट्यावर बसायला लागले. टीव्हीचं रिचार्ज संपलं होतं, ते एक कारण. दुसरं कारण म्हणजे सगळ्यांचंच बुडालं होतं, त्यामुळे कोणाला कोणापासून लपवायचं उरलं नव्हतं. मलाही पहिल्यांदाच शेजारणी काय बोलतात ते कळायला लागलं. त्याआधी तीस वर्षं मी त्यांच्यामधून फक्त बस पकडायला गेले होते.

आश्विन आला आणि सोयाबीन पिवळं पडलं. सोयाबीन वाट बघत नाही. पानं झडली की चार-सहा दिवसांत सोंगावं, म्हणजे कापून घ्यावं लागतं, नाहीतर दुपारच्या उन्हात शेंगा तडकतात आणि दाणे मातीत जातात. दरवर्षी आम्ही एकरी भाव ठरवून बाहेरगावचे मजूर लावायचो. मी बांधावरून छत्री घेऊन बघायची आणि संध्याकाळी पैसे द्यायची. या वर्षी ते मजूर जिथे रोख मिळते तिथे गेले. त्यांचं काही चुकलं नाही.

अशात एके सकाळी एक बाई दारात आली. स्लॅबच्या सळया तांबड्या झालेली ती हीच. ही माझी विद्यार्थिनी. नववीत गणितात नापास झाली, मीच केली होती, आणि तिच्या बापाने तिची शाळा सोडवून लग्न लावून दिलं. तिला आता नातू आहे. ती उभ्या उभ्याच म्हणाली, "मॅडम, आमी सावड करून राह्यलो. तुमी येता का?"

सावड मी ऐकून होते, केली नव्हती. आज सगळ्याजणी माझ्या वावरात, उद्या सगळ्याजणी तुझ्या. एका दिवसाला एक दिवस. मजुरी नाही, ज्याचं वावर त्याचा चहा आणि भाकरी. आमच्या आजीच्या काळी हेच चालायचं, मग हातात पैसा आला आणि लोक विसरले. आता पैसा गेला तशी ती परत आली. अकरा जणी झाल्या होत्या, मी बारावी. किराणावाल्याची बायको होती, आमच्या विहारामागच्या गल्लीतल्या पाचजणी होत्या, बाकी इकडच्या तिकडच्या. ज्याचं पीक आधी पिकलं त्याचं आधी, एवढाच नियम. आमचं दीड एकर लवकरच्या वाणाचं होतं, म्हणून पहिला नंबर माझा लागला.

त्यांनी एका दिवसात ते दीड एकर झोपवलं. वावराच्या एका टोकाला उभ्या राहिल्या, प्रत्येकीने आपापल्या चार ओळी धरल्या. त्या चार ओळींना पात म्हणतात. एकदा पात धरली की दुसऱ्या टोकापर्यंत ती तुमची. अंगात साडीवर नवऱ्याचे फुलबाह्यांचे शर्ट, बोटांना चिंध्या, आणि तोंडाचा पट्टा विळ्यापेक्षा जोरात. नवऱ्याने बेसन-भाकरी केली. एसटीच्या मुक्कामी गाड्यांवर राहून राहून तो माझ्यापेक्षा चांगला स्वयंपाक करतो. बायका पोटभर जेवल्या. मी खूष होते. संध्याकाळी माझ्या डोक्यात फक्त उरलेलं दीड एकर होतं.

दुसऱ्या दिवशी मी सावडीला गेले. नवऱ्याचा जुना खाकी शर्ट घातला, हातात त्याचे मोजे चढवले. मला बघून एकजण म्हणाली, "आली वं माय यष्टी." दिवसभर ते नाव चाललं. माझी पात सगळ्यांच्या मागे. विळा बोथट आहे, असं मी म्हणाले, तर शेजारणीने तोच विळा घेऊन सपासप दहा झाडं कापून दाखवली. नाचता येईना, अंगण वाकडं. दुपारी गुडघा असा धरला, की मी वावरातून लंगडत घरी आले आणि अंगाला बाम चोळून झोपले. त्याच्या दुसऱ्या दिवशी तर गेलेच नाही.

आणि मग मी ती चूक केली. मास्तरणीच्याच हातून होईल अशी. नवऱ्याची पेन्शन आली होती. मी दोन दिवसांची मजुरी, चालू भावापेक्षा थोडी जास्तच, एका पाकिटात घातली. पाकिटावर माझं नाव, दोन तारखा आणि रक्कम सुवाच्य अक्षरात लिहिली आणि शेजारच्या पोरीच्या हाती म्होरक्या बाईकडे, म्हणजे त्या नापास विद्यार्थिनीकडे, ते पाठवून दिलं. पुढच्या पाळीचंही असंच पाठवू म्हटलं. मला वाटलं, किती चोख काम केलं. गावात कोणाकडे रोकड नव्हती आणि मी रोकड देत होते. त्यांनी उलट खूष व्हायला हवं होतं.

पाकीट परत आलं नाही, उत्तरही आलं नाही. चार दिवसांनी माझं उरलेलं दीड एकर पिकलं. मी पहाटे चहाचं आधण ठेवलं, नवऱ्याने बारा जणींच्या भाकऱ्यांचं पीठ मळलं आणि आम्ही वाट बघत बसलो. आठ वाजले. कोणी आलं नाही. नऊ वाजता किराणावाल्याकडून कळलं, की सगळ्याजणी पलीकडच्या शिवारात गेल्यात.

मला राग आला. आधी त्यांचा आला. नवऱ्याला म्हणाले, "गरज सरो, वैद्य मरो." तो पीठ झाकून ठेवत म्हणाला, "वैद्य कोण हाये इथं? तुयं दीड एकर त्याईनंच सोंगलं ना?" मग आम्ही दोघं विळे घेऊन वावरात गेलो. त्याने पंचवीस वर्षं गाडी चालवली होती, त्याच्या कमरेला वाकणं माहीत नाही. तो बसून बसून सरकत होता. दुपारपर्यंत दोघांच्या मिळून दोन पाती झाल्या. ऊन चढलं तशा शेंगा तडकायला लागल्या. त्याचा आवाज अगदी बारीक येतो, तड, मग जरा वेळाने तड. प्रत्येक आवाजाला मला मुलीची फी आठवत होती. वर उगवतीकडून ढग यायला लागले होते. मी बांधावर बसले आणि रडले. नवऱ्याने पाण्याची बाटली पुढे केली आणि म्हणाला, "जाय तिच्याकडं. मी गेलो असतो, पण पाकिटावर नाव तुयं हाये."

संध्याकाळी दिवेलागणीला गेले. ती अंगणात, त्या तांबड्या सळयांखाली, कडबा रचत होती. मला बघून तिने हात झटकले, बसायला पाट दिला, आत गेली आणि पाकीट घेऊन आली. ते उघडलेलंसुद्धा नव्हतं.

"मॅडम, हे कायले पाठोलं होतं?" तिने विचारलं.

मी म्हणाले, "माझा गुडघा दुखतो गं. मला तुमच्यासारखं काम होत नाही. फुकट तर नको घ्यायला कोणाचं. म्हणून पैसे पाठवले."

"तुमची पात कोणं कापली, मालूम हाये का?"

मला माहीत नव्हतं. मी त्याचा विचारच केला नव्हता.

"आमी सगळ्याइनं मिळून कापली. दोनी दिवस. घरी जायाले अंधार पडला. आता हे पैसे मी कोणाले देऊ? अर्ध्या ओळीचे कोणाले, पाव ओळीचे कोणाले? अन् एकीनं घेतले त उद्या दुसरी म्हणते, मलेबी पैसेच पाह्यजे. झाली मंग सावड." ती पाकीट माझ्या मांडीवर ठेवून समोर बसली. "मी नववीत होतो तवा एका मार्कानं नापास झालतो. तुमच्या घरी आलतो मी, आठोते? म्हणलं, मॅडम, एक मार्क द्या. तुमी म्हणल्या, ज्याचा पेपर त्यानंच सोडवाचा."

मला आठवलं. तिला आठवत नसेल, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. त्या वेळी मला ते फार बरोबर वाटलं होतं. माफी मागावी असं वाटलं, पण इतक्या वर्षांनी एका मार्काची माफी कशी मागायची, ते मला येत नव्हतं. मी एवढंच म्हणाले, "तेव्हा द्यायला हवा होता मी."

तिने पदराला चिकटलेलं कडब्याचं पान काढून टाकलं. मग म्हणाली, "जाऊ द्या. तुमी हळू कापता थे आमाले दिसते. कोणी काई म्हणलं का? हळू कापा, पण या. उद्या किराणावालीच्या वावरात हाये. सहा वाजता."

गुडघ्याला पट्टा बांधून मी पावणेसहाला तिथे हजर होते. दव होतं, शेंगा मऊ होत्या, बोटांना कमी टोचत होतं. सगळ्यांनी पात धरली, मीही धरली. त्या दिवशी मी एकदाही मान वर करून ढगांकडे पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर पळून आले असते. माझं दीड एकर तिकडे तडकत होतं आणि मी दुसरीचं सोयाबीन कापत होते. माझ्या गणितात हे कुठेच बसत नव्हतं. दुपारी सगळ्यांच्या पाती संपल्या, माझी पाव राहिली होती. कोणी मदतीला आलं नाही. त्या लिंबाखाली बसून पाणी पीत माझ्याकडे बघत होत्या आणि किराणावाली म्हणत होती, "यष्टी स्टँडावर येऊन राह्यली, बसा जराशा." मी टोकाला पोचले तेव्हा एकीने माझ्या हातात पाण्याचा तांब्या दिला. तो थंड होता. माझ्या हातांना सतरा ठिकाणी कापलं होतं आणि मला हसू येत होतं.

दुसऱ्या दिवशी सहा वाजता अकराजणी माझ्या वावरात होत्या. बोलावणं पाठवावं लागलं नाही. उभं होतं ते सगळं आडवं झालं, ढिगारे एका जागी आणून गंजी लावली, वर ताडपत्री टाकून दगड ठेवले. थोडे दाणे गळाले होते, ते गेले. पाऊस तिसऱ्या दिवशी आला. ताडपत्रीवर तो वाजत होता आणि नवरा ओट्यावर बसून मिशीला पीळ देत होता. थ्रेशरवाल्याने भाडं म्हणून सोयाबीनच ठेवून घेतलं. माल नवऱ्याने टेम्पोतून कारंजाला नेला, तिथे रोख मिळाली, आणि फी भरली गेली. मुलीला मी फोनवर फक्त फी भरल्याचं सांगितलं. बाकीचं तिच्या बापाने सांगितलं, माझ्या मोज्यांसकट.

माझ्या पाळ्या अजून सहा उरल्या होत्या. त्या मी सगळ्या केल्या. नवराही मागे राहिला नाही. ज्या दिवशी एखादीच्या घरी भाकरी करायला कोणी नसेल त्या दिवशी तो तिच्याकडे जाऊन चूल पेटवायचा. गल्लीतले पुरुष आधी हसले, मग त्यांनी त्याचा ठेचा खाल्ला.

पतसंस्थेचं प्रकरण अजून चालू आहे. मध्ये एकदा थोडे पैसे मिळाले. टपरी पुन्हा उघडली, कुरकुऱ्यांची पाकिटं परत आली, न्हावी आता पपई घेत नाही. म्होरक्या बाईच्या घराचा स्लॅब टाकून झाला. सगळं पुन्हा जसं होतं तसं होतंय, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही, कारण म्हाताऱ्याचं ऑपरेशनही झालं. या आश्विनात बाहेरगावचे मजूरही आले होते. एकरी भाव विचारून गेले. मी त्यांना नाही म्हणाले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसा माझा हिशेबी स्वभाव गेलेला नाही, पण हा हिशेब मी केला नाही.

सावडीचा या वर्षीचा पहिला दिवस म्होरक्या बाईच्या वावरात होता. आणि नेमका त्याच सकाळी मुलीला नोकरीवर रुजू व्हायला जायचं होतं. पांढऱ्या साडीतल्या पोरीला शेलूबाजारहून बसमध्ये बसवलं. ती खिडकीतून हात हलवत होती आणि मी घड्याळ बघत होते. परत येऊन खाकी शर्ट अंगात अडकवेपर्यंत साडेनऊ झाले. म्हटलं, आता काय, गेल्या वर्षीसारखी माझी पात सगळ्यांनी वाटून कापून टाकली असेल. जाऊन निदान तोंड दाखवावं आणि माफी मागावी.

बांधावर चढले आणि थांबले. अकराजणी वावराच्या पार दुसऱ्या टोकाला गेल्या होत्या. मागे सगळं आडवं पडलं होतं, आणि त्या आडव्या सोयाबीनच्या मधोमध, या टोकापासून त्या टोकापर्यंत, चार ओळी उभ्या होत्या. डावीकडून एकीने कापलं होतं, उजवीकडून दुसरीने, आणि माझ्या एका झाडालाही कोणी हात लावला नव्हता. ऊन चढत होतं, शेंगा तडकायची वेळ होत आली होती, वावर तिचं होतं, नुकसान तिचं झालं असतं. तरी तिने त्या ठेवल्या होत्या.

एवढं बरं मला पैसे व्याजाला लावले होते तेव्हा कधी वाटलं नव्हतं. डोळे भरले म्हणून मी खाली बसून उगाच बोटांना चिंध्या बांधत राहिले.

लांबून तिचा आवाज आला, "मॅडम, पोरगी गेली का नीट?"

"गेली," मी ओरडून सांगितलं.

"मंग या आता. पात तुमची हाये."

मी विळा घेतला आणि वाकले.